ब्रॉकल्सबीचें जोडविमान : एका शिकाऊ यंत्राच्या चरित्राचें साधन-परीक्षण

(१)

बखर व समकालीन पत्र यांत विरोध आला असतां पत्राचा पक्ष घ्यावा, हा दंडक आपल्याकडे राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून विशेष दृढ झाला. पानिपतच्या काळचीं पत्रें पुढें ठेवून त्यांनीं बखरींतील हकीकती तपासल्या, आणि रसाळ कथा व खरा वृत्तांत हीं दोन निराळीं असूं शकतात हें अभ्यासकांच्या मनावर ठसविलें. ही कसोटी आपण बहुधा जुन्या काळासच लावीत आलों. यंत्रयुगांतील घटनांस ती लावण्याचें कारण नाहीं, कारण तेथें छापील कागद, छायाचित्रें व सरकारी दप्तरें विपुल आहेत, असा एक समज आढळतो. हा समज बरोबर नाहीं. कागद वाढले म्हणून बखर नाहींशी होत नाहीं. ती वर्तमानपत्राच्या स्तंभांत राहावयास जाते, आणि तेथून पुढें ग्रंथांत शिरते.

याचें एक लहानसें पण बोधक उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभकाळीं ऑस्ट्रेलियांत घडलें. ता. २९ सप्टेंबर १९४० रोजीं न्यू साउथ वेल्स राज्यांतील ब्रॉकल्सबी गांवावर दोन शिकाऊ विमानें आकाशांत एकमेकांवर आदळलीं, एकमेकांत अडकून बसलीं, आणि तशींच जोडीनें एका कुरणांत उतरलीं. दोहोंत मिळून चार तरुण होते. त्यांपैकीं एकहि मेला नाहीं. घटना इतकी विलक्षण कीं देशोदेशींच्या वर्तमानपत्रांनीं तिचीं छायाचित्रें छापलीं, व आजहि ती वारंवार सांगितली जाते.

सांगण्याच्या दोन तऱ्हा रूढ आहेत. पहिली वीरकथेची: वैमानिकाचें धैर्य, अघटित प्रसंग, सुखरूप शेवट. दुसरी विमान-चरित्राची: अमुक क्रमांकाचें यंत्र अमुक शाळेंत होतें, अमुक दिवशीं त्यास अपघात झाला, पुढें त्याची वासलात अशी लागली. दोन्ही तऱ्हांना आपापले साधनांचे आधार आहेत, आणि दोन्हींत दोष आहेत. ते दोष कोणते, आणि दोन्ही एकत्र वाचल्यास पदरांत काय पडतें, एवढाच प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे.

(२)

प्रथम यंत्राची ओळख करून घेतली पाहिजे. हीं दोन्ही विमानें ॲव्रो कारखान्याचीं 'ॲन्सन' जातीचीं होतीं. अठराव्या शतकांतील जॉर्ज ॲन्सन या इंग्रज आरमारी सेनापतीचें नांव त्यांना दिलेलें होतें. पहिलें ॲन्सन १९३५ च्या मार्चांत उडालें व १९३६ सालीं ब्रिटिश हवाईदलांत दाखल झालें. चाकें पोटांत ओढून घेणारें एकपंखी विमान त्या दलांत हेंच पहिलें. मात्र तीं चाकें ओढण्याचें काम यंत्रानें होत नसे. बैठकीशेजारचा दांडा दीडशेच्या आसपास वेळां हातानें फिरवावा लागे. आणि चाकें वर घेतल्यावरहि त्यांचा कांहीं भाग बाहेरच राही, त्यामुळें पोटावर उतरण्याची वेळ आली तरी विमानाची नासधूस बेताचीच होई. पंख लांकडी, धड पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलें, आणि सुमारें साडेतीनशें अश्वशक्तीचीं दोन 'चीता' एंजिनें, असा त्याचा थाट होता. पाठीवर बंदुकीसाठीं एक घुमट असे.

किनाऱ्यावर गस्त घालण्यासाठीं तें बांधलें होतें. परंतु युद्ध सुरू होईपर्यंत त्या कामास तें जुनें ठरत चाललें, आणि लवकरच त्याची खरी उपयुक्तता निराळ्या ठिकाणीं आहे असें दिसून आलें. स्वभावानें शांत व शिकाऊ हातांच्या चुका पोटांत घालणारें असें तें दोन एंजिनांचें विमान होतें. बाँबफेकी विमानांवर जाणाऱ्या तरुणांस अशाच यंत्रावर शिकविणें सोयीचें होतें. म्हणून ब्रिटन व कॅनडा येथें मिळून अकरा हजारांच्या वर ॲन्सनें बांधलीं गेलीं, व त्यांपैकीं एक हजाराहून कांहीं अधिक ऑस्ट्रेलियाच्या हवाईदलाकडे आलीं. तेथें तीं १९५५ पर्यंत नोकरींत होतीं.

एवढ्या यंत्रांची गरज भासली ती १७ डिसेंबर १९३९ रोजीं ओटावा येथें झालेल्या करारामुळें. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनीं मिळून साम्राज्याची हवाई-शिक्षण योजना आंखली, आणि वर्षास सुमारें ५०,००० वैमानिक व त्यांचे विमानांतील सहकारी तयार करण्याचें ठरविलें. ऑस्ट्रेलियांत पहिली तुकडी १९४० च्या एप्रिलअखेर दाखल झाली. विद्यार्थी प्रथम 'टायगर मॉथ' या हलक्या द्विपंखी विमानावर हात बसवी. त्यानंतर त्यास एका एंजिनाच्या 'विरावे'वर किंवा दोन एंजिनांच्या ॲन्सनवर पुढील शिक्षण मिळे. वॅगा वॅगा शहराजवळील फॉरेस्ट हिल येथें १९४० च्या जुलैंत उघडलेली दुसऱ्या क्रमांकाची उड्डाणशाळा ही या दुसऱ्या पायरीची शाळा होय. अपघातांतील दोन्ही विमानें याच शाळेचीं. शाळा उघडून तेव्हां पुरते तीन महिनेहि झाले नव्हते, हें ध्यानांत ठेवावें.

(३)

आतां घटना. सर्व वृत्तांतांत जेवढें समान आहे तेवढेंच येथें देतों.

एन् ४८७६ या विमानावर बावीस वर्षांचा लेनर्ड फुलर वैमानिक होता, व इयन सिंक्लेअर हा त्याचा मार्गदर्शक. एल् ९१६२ यावर एकोणीस वर्षांचा जॅक ह्यूसन वैमानिक व ह्यू फ्रेझर मार्गदर्शक. चौघेहि शिक्षणक्रम पुरा न झालेले विद्यार्थी. शिक्षक कोणत्याहि विमानांत नव्हता. फॉरेस्ट हिलहून निघून कोरोवा, तेथून नॅरँडेरा व परत शाळेंत, असें त्या दिवशींचें उड्डाण ठरलें होतें. सुमारें एक हजार फूट उंचीवर ब्रॉकल्सबीवरून वळण घेत असतां फुलरच्या खालीं असलेलें ह्यूसनचें विमान फुलरच्या दृष्टीआड झालें, आणि दुसऱ्याच क्षणीं दोन्ही विमानें एकमेकांवर आदळलीं.

प्रॉपेलर एकमेकांत व एंजिनांच्या आवरणांत घुसले. वरच्या विमानाचीं दोन्ही एंजिनें बंद पडलीं. खालच्याचीं मात्र पूर्ण जोरांत चालूंच राहिलीं. खालच्याच्या पाठीवरील घुमट वरच्याच्या डाव्या पंखाच्या मुळांत रुतून बसला, आणि खालच्याच्या शेपटीनें वरच्याच्या शेपटीचा डावा भाग उचलून धरला. अशा रीतीनें हें जोडविमान सावकाश घिरट्या घालूं लागलें. दोन्ही मार्गदर्शक हवाई छत्र्या घेऊन उतरले. वरच्या विमानाच्या प्रॉपेलरनें ह्यूसनच्या पाठीस जखम झाली होती. तोहि छत्री घेऊन बाहेर पडला. खालच्या विमानांत आतां कोणी नव्हतें, पण त्याचीं एंजिनें गर्जत होतीं. वरच्या विमानांत माणूस होता, पण त्याचीं एंजिनें मेलीं होतीं. फुलरच्या ध्यानांत आलें कीं आपल्या पंखांवरील एलेरॉन व फ्लॅप यांच्या योगें ही जोडी वळवितां येते. त्यानें ती सुमारें पांच मैल नेली आणि ब्रॉकल्सबीच्या नैर्ऋत्येस सुमारें चार मैलांवरील एका विस्तृत कुरणांत उतरविली. गवतावरून सुमारें दोनशें यार्ड घसरून ती थांबली.

(४)

या घटनेवरून उभारलेल्या वीरकथेंत तीन विधानें हटकून येतात. तिन्हींचें परीक्षण क्रमानें करूं.

पहिलें विधान असें, कीं असा प्रकार जगांत एकदांच घडला. हें टिकत नाहीं. ता. ३१ डिसेंबर १९४४ रोजीं अमेरिकेच्या शंभराव्या बाँबफेकी गटांतील दोन 'फ्लाइंग फोर्ट्रेस' विमानें हँबुर्गच्या मोहिमेंत अशींच एकावर एक अडकलीं. वरच्या विमानाचा चालक ग्लेन रोजन व त्याचा सहवैमानिक यांनीं ती जोडी जर्मनीच्या भूमीवर आणली व ते दोघे वांचले. त्यांचे कांहीं सहकारी मात्र प्राणांस मुकले. तेव्हां अद्वितीयतेचा दावा सोडून द्यावयास हवा. तो सोडल्यानें ब्रॉकल्सबीचें महत्त्व कमी होत नाहीं. उलट, दोन उदाहरणें मिळाल्यामुळें तुलना करतां येते: ऑस्ट्रेलियांतील चौघे वांचले यास उंचीची, हलक्या यंत्राची व शत्रूच्या अभावाची किती मदत झाली, हा प्रश्न विचारतां येतो. एकुलत्या चमत्काराविषयीं असा प्रश्नच उद्भवत नाहीं, आणि म्हणूनच कथाकारांना चमत्कार एकुलता असलेला आवडतो.

दुसरें विधान असें, कीं फुलरनें सुमारें चाळीस हजार पौंडांची सरकारी मालमत्ता वांचविली. हा आंकडा त्या वेळच्या वर्तमानपत्रांचा आहे. त्यांत दोन्ही विमानें पूर्णपणें वांचलीं असें गृहीत धरलें आहे. परंतु यंत्रांचा पुढील इतिहास पाहिला तर असें दिसतें, कीं वरचें विमान, म्हणजे फुलरचें एन् ४८७६, दुरुस्त होऊन पुन्हां उडूं लागलें. खालचें एल् ९१६२ मात्र पुन्हां उड्डाणास न लावतां जमिनीवर विद्यार्थ्यांस भाग दाखविण्यासाठीं ठेवण्यांत आलें. म्हणजे उडण्याचें यंत्र या नात्यानें एकच वांचलें. दुसरें शाळेच्या उपयोगी पडलें हें खरें, पण त्याची किंमत विमानाची राहिली नाहीं. वर्तमानपत्राचा आंकडा दुसऱ्याच दिवशीं छापला जातो. यंत्राची खरी वासलात महिन्यांनीं ठरते. हा दोष वार्ताहराचा नाहीं. वर्षें लोटल्यावरहि तोच आंकडा न तपासतां उचलणाऱ्या लेखकांचा आहे.

तिसरें विधान असें, कीं फुलरनें बुद्धिपुरस्सर विमान गांवापासून दूर नेऊन ब्रॉकल्सबीचा बचाव केला. येथें फुलरची स्वतःची साक्ष उपलब्ध आहे. सक्तीनें उतरण्याची वेळ आल्यास जें जें शिकविलें होतें तें सर्व आपण केलें, असें त्यानें आपल्या वरिष्ठास सांगितलें. आणि तें शिक्षण काय होतें हेंहि सांगितलें: शक्य तितकें वस्तीच्या किंवा शेतकऱ्याच्या घराच्या जवळ उतरावें, आणि साधल्यास वाऱ्यास सामोरें उतरावें. या साक्षींत गांवापासून दूर पळण्याचा उद्देश नाहीं. मदत मिळावी म्हणून वस्तीच्या आसपास, पण उतरण्यास जागा असेल तेथें, असा शिकलेला नियम आहे. गांवाचा बचाव झाला असेल; परंतु परिणाम आणि हेतु यांची गल्लत करणें हा बखरीचा नेहमींचा दोष होय. तो येथेंहि झाला आहे.

ही साक्ष आणखी एका कारणानें मोलाची आहे. वीरकथा फुलरला अलौकिक करूं पाहते. तो स्वतः आपणांस विद्यार्थी म्हणवितो. त्याच्या म्हणण्याचा रोख असा, कीं प्रसंग नवीन होता, नियम जुनेच होते. शाळेनें दिलेलें शिक्षण अशा वेळीं उपयोगी पडलें हेंच त्यांतलें खरें तात्पर्य आहे, आणि वीरकथेंत नेमकें तेंच गळून जातें.

(५)

वीरकथेच्या विरुद्ध बाजूस सरकारी कागद आहेत. त्यांचे दोन प्रकार: यंत्राचें स्थितिपत्रक व अपघाताची चौकशी.

ऑस्ट्रेलियाचें हवाईदल प्रत्येक विमानामागें एक स्थितिपत्रक ठेवीत असे. यंत्र केव्हां ताब्यांत आलें, कोणत्या तुकडीस किंवा शाळेस दिलें, केव्हां मोडलें, दुरुस्तीस कोठें धाडलें, आणि शेवटीं हिशेबांतून केव्हां कमी केलें, हें त्यांत थोडक्यांत टिपलेलें असतें. आपल्या वाचकांस याची ओळख पटण्यास वेळ लागूं नये. पागेच्या हिशेबांत घोड्याचा रंग, खुणा व किंमत लिहीत, त्याच जातीचा हा कागद होय. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर बसे, बारगीर सरकारी घोड्यावर. फॉरेस्ट हिलचे विद्यार्थी हे या अर्थानें बारगीर होते. यंत्र सरकारचें, आणि म्हणून त्याचा हिशेब सरकारनें बारकाईनें ठेवला. अशा कागदास खोटें बोलण्याचें फारसें प्रयोजन नसतें. त्याची दृष्टि मात्र अरुंद असते. घोडा लंगडा झाला हें त्यांत कळतें, स्वार कसा पडला हें कळत नाहीं.

चौकशीचा कागद याहून निराळ्या हेतूनें लिहिला जातो. ब्रॉकल्सबीची वार्ता येतांच हवाईदलाचा अपघात-निरीक्षक आर्थर मर्फी मेलबर्नहून विमानानें घटनास्थळीं गेला. हा गृहस्थ १९१९ सालीं हेन्री रिग्ली याच्यासह मेलबर्नहून डार्विनपर्यंत ऑस्ट्रेलिया खंड विमानानें ओलांडणारा पहिल्या पिढीचा वैमानिक होता. त्याच्याबरोबर त्याचा दुय्यम हेन्री विनेक होता. हा पुढें व्हिक्टोरिया राज्याचा मुख्य न्यायाधीश व नंतर राज्यपाल झाला. म्हणजे यंत्राचा जाणता व कायद्याचा जाणता असे दोघे तेथें गेले होते. अशी चौकशी मुख्यतः कारण व जबाबदारी शोधते. तिला चमत्कारांत रस नसतो. दोष कोठें होता हें तिला हवें असतें. वीरकथेची नजर चौकशीस नसते आणि चौकशीची नजर वीरकथेस नसते. त्यामुळें दोन्ही वाचल्यावांचून घटना पूर्ण दिसत नाहीं.

परंतु येथें 'पत्र खरें, बखर खोटी' हा दंडक जशाचा तसा लावतां येत नाहीं. कारण एक मौजेची गोष्ट आहे. आदळतांना काय आवाज झाला, जोडविमान हातास कसें लागत होतें, ह्या अनुभवाचें जें प्रत्यक्ष वर्णन आज उपलब्ध आहे त्याचा मोठा भाग फुलरनें वर्तमानपत्रांस सांगितला. आणि परवानगीवांचून वर्तमानपत्रांशीं बोलल्याबद्दल हवाईदलानें त्यास चौदा दिवस बराकींत अडकवून ठेवलें व सात दिवसांचा पगार कापला. त्याच प्रकरणांत त्यास सार्जंट म्हणून बढतीहि मिळाली. एका हातानें शाबासकी व दुसऱ्या हातानें शिक्षा, असा हा न्याय झाला.

साधन-परीक्षणाच्या दृष्टीनें या शिक्षेचें महत्त्व मोठें आहे. तिच्यावरून सिद्ध होतें, कीं वर्तमानपत्रांतील वर्णन घटनेनंतर लगेच, खुद्द वैमानिकाच्या तोंडून, आणि वरिष्ठांनीं पढविल्यावांचून बाहेर पडलें. समकालीन, प्रत्यक्षदर्शी व अनियंत्रित, हीं तीन्ही लक्षणें ज्या साधनांत आहेत तें बखर म्हणून दूर सारतां येणार नाहीं. वार्ताहरानें त्यास मीठमिरची लावली असेल, तेवढी बाजूस काढावी. पण मूळ साक्ष पहिल्या प्रतीची आहे. उलट सरकारी कागद सरकारी आहे म्हणून तो सर्व सांगतो असें मानणें ही दुसऱ्या टोंकाची चूक होईल. ज्या संस्थेनें बोलण्याबद्दल शिक्षा केली, तिच्या दप्तरांत काय लिहिलें जाईल व काय लिहिलें जाणार नाहीं, याचा विचार वाचणाऱ्यानें केला पाहिजे. साधनाची प्रत त्याच्या जातीवरून ठरत नाहीं. तें कोणी, केव्हां, कोणत्या दडपणाखालीं व कशासाठीं निर्माण केलें यावरून ठरते.

(६)

आतां दुसऱ्या तऱ्हेकडे, म्हणजे विमान-चरित्राकडे, वळूं. क्रमांकवार विमानांचा इतिहास लिहिण्याचा उद्योग मुख्यतः हौशी अभ्यासकांनीं केला आहे. ब्रिटनमध्यें १९४८ सालीं स्थापन झालेल्या 'एअर-ब्रिटन' मंडळीनें ब्रिटिश हवाईदलाच्या यंत्रांच्या अशा याद्या वर्षानुवर्षें प्रसिद्ध केल्या, व ऑस्ट्रेलियांतहि स्थितिपत्रकांवरून असेंच काम झालें आहे. या उद्योगास कांहीं पंडित छंद म्हणून हिणवितात. आम्हांस तें मान्य नाहीं. वर चाळीस हजार पौंडांचा आंकडा जो दुरुस्त करतां आला तो याच याद्यांच्या जोरावर. आमच्याकडील दप्तरांतील मोडी रुमालांची यादी करणारा जें काम करतो तेंच हें काम आहे; त्यावांचून पुढील लेखन भुसभुशीत पायावर उभें राहतें.

तथापि या तऱ्हेचा दोषहि स्पष्ट आहे. यंत्राचें चरित्र यंत्राबरोबर संपतें. एन् ४८७६ दुरुस्त झालें, एल् ९१६२ वर्गांत गेलें, येथें यादीची ओळ पुरी होते. पण शिकाऊ विमान हें असें यंत्र आहे, कीं त्याचें खरें कार्य त्याच्या बाहेर घडतें. बाँबफेकी विमानाचा हिशेब त्यानें केलेल्या मोहिमांवरून करतां येईल. शिकाऊ विमानाचा हिशेब त्याच्यावर शिकून गेलेल्या माणसांवरूनच केला पाहिजे. म्हणून त्या चौघांचें पुढें काय झालें हा प्रश्न यंत्राच्या इतिहासाचाच भाग आहे, परिशिष्ट नव्हे.

ह्यूसनवर ॲलबरीच्या रुग्णालयांत उपचार झाले, त्यानें शिक्षण पुरें केलें, आणि १९४६ सालीं तो फ्लाइट लेफ्टनंट या हुद्द्यावरून सेवामुक्त झाला. सिंक्लेअरहि त्याच हुद्द्यावरून १९४५ सालीं घरीं गेला. फ्रेझर ब्रिटनमध्यें गेला व २०६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्यें दाखल झाला. ता. १ जानेवारी १९४२ रोजीं उत्तर आयर्लंडांतील ऑल्डरग्रोव्हच्या तळावरून नित्याच्या सरावासाठीं गेलें असतां त्याचें 'हडसन' विमान एका झाडावर आदळलें, आणि तो व त्याचे तीन सहकारी मेले. फुलरनें परदेशीं मोहिमा केल्या. १९४२ च्या मार्चांत पालेर्मो येथील कामगिरीबद्दल त्यास 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल' मिळालें, पुढें अधिकारपद मिळालें, व तो मायदेशीं परत येऊन व्हिक्टोरियांतील ईस्ट सेल येथें शिक्षक झाला. तेथें ता. १८ मार्च १९४४ रोजीं सायकलवरून जात असतां बसची टक्कर लागून त्याचा अंत झाला.

चौघांपैकीं दोघे युद्ध संपण्यापूर्वीं मेले, आणि दोघांपैकीं एकहि शत्रूच्या हातून मेला नाहीं. एक सरावाच्या उड्डाणांत, एक रस्त्यावर. वीरकथेस हा शेवट अडचणीचा वाटतो, म्हणून ती कुरणांत विमान थांबतें तेथें थांबते. विमान-चरित्रास हा शेवट दिसतच नाहीं. पण इतिहासकारानें नेमका याचाच विचार केला पाहिजे. कारण या दोन मृत्यूंत त्या काळच्या हवाईशिक्षणाचें खरें मोल दिसतें. ब्रिटिश बाँबफेकी दलाचे जे पंचावन्न हजारांच्या वर लोक युद्धकाळांत मेले, त्यांपैकीं आठ हजारांहून अधिक मोहिमेबाहेरच्या अपघातांत मेले. म्हणजे सुमारें सातांत एक. शिकणें हीच एक मोहीम होती, आणि तींत पडलेल्यांची नोंद बहुतेक ठिकाणीं एका ओळीची आहे.

ब्रॉकल्सबीच्या कथेनें अपघातास जो सुखद रंग दिला त्याचा परिणाम असा झाला, कीं ज्या प्रश्नांमुळें दुसरे अपघात समजले असते ते प्रश्न मागें पडले. ॲन्सनचा पंख धडाच्या खालच्या अंगास असे. वरच्या वैमानिकास आपल्या अगदीं खालीं काय आहे हें पंख झांकून टाकी, आणि वळणांत तर ही अडचण वाढे. दोन शिकाऊ यंत्रें एकाच मार्गावर, इतक्या जवळून, शिक्षकावांचून, फक्त हजार फुटांवर उडत होतीं. तीन महिन्यांच्या शाळेस हजारों वैमानिक लौकर पुरवावयाचे होते. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे टक्कर हा योगायोग राहत नाहीं. टक्कर होऊनहि कोणी मेलें नाहीं एवढाच योगायोग उरतो.

(७)

ब्रॉकल्सबीच्या रहिवाशांनीं १९९० सालीं, घटनेस पन्नास वर्षें झालीं तेव्हां, उतरण्याच्या जागेजवळ एक खूण उभारली. आणि २००७ सालीं गांवांत ॲन्सनच्या एंजिनाचें स्मारक केलें. लहानशा गांवानें आपल्या आकाशांत घडलेली गोष्ट जपून ठेवावी हें योग्यच आहे, आणि त्यांत एंजिन ठेवलें हें विशेष योग्य आहे. कारण त्या दिवशीं फुलरच्या हातांइतकाच वांटा कोणी माणूस नसतांना चालत राहिलेल्या खालच्या दोन एंजिनांचाहि होता. स्मारकाचें काम आठवण देण्याचें. आठवण कशाची द्यावी हें ठरविण्याचें काम इतिहासाचें.

वरील परीक्षणावरून आमचा निष्कर्ष असा. वीरकथेंतून फुलरची साक्ष घ्यावी, अद्वितीयता व चाळीस हजार पौंड सोडून द्यावेत. स्थितिपत्रकांतून यंत्रांची वासलात घ्यावी, पण तेथें थांबूं नये. चौकशींतून कारण घ्यावें, पण शिक्षा करणाऱ्या संस्थेचें मौनहि हिशेबांत धरावें. आणि या तिहींच्या जोडीस चार विद्यार्थ्यांचीं पुढील वर्षें ठेवावींत. असें केलें म्हणजे ब्रॉकल्सबीचें जोडविमान हें एका शूर तरुणाचें नवल राहत नाहीं. घाईनें उभारलेल्या एका मोठ्या शाळेच्या इतिहासाचें तें एक पान होतें. आणि त्या पानावर फुलरइतकाच अधिकार ऑल्डरग्रोव्हजवळ झाडावर आदळून मेलेल्या फ्रेझरचा व त्याच्या तीन सोबत्यांचा आहे.

आपल्याकडेहि यंत्रांचे इतिहास आतां लिहिले जातील. आगगाड्यांचे, गिरण्यांचे, विमानांचे. त्यांच्या लेखकांनीं क्रमांक व तारखा नेटानें गोळा कराव्यातच. मात्र प्रत्येक यंत्राच्या ओळीपुढें, त्यावर कोण बसलें होतें व तें पुढें कोठें गेलें, यासाठीं एक रकाना मोकळा ठेवावा. पागेच्या हिशेबानें घोडा सांभाळला. स्वाराचा शोध घेणें हें काम त्यानें आपणांकडे ठेवलें आहे.